पन्नाशी ओलांडलेला ऑस्कर-७ अजून ऐकू येतो. शाळांनी गच्चीवरच्या अँटेना उतरवू नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालबाह्य उपग्रहांवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. त्यातला धोक्याचा भाग योग्यच आहे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात धातूचे भलेमोठे कडे आकाशातून येऊन पडले, ते अजून कोणी विसरलेले नाही. मात्र ते कडे उपग्रहाचे नव्हते. चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. लेखात रॉकेटचे टप्पे, मेलेले उपग्रह आणि जुने पण चालू उपग्रह यांची एकच मोट बांधली आहे. आमची हरकत तेवढ्यापुरती, आणि तीही एका विशिष्ट उपग्रहासाठी आहे.

त्याचे नाव ॲमसॅट-ऑस्कर ७. तो १५ नोव्हेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावरून डेल्टा रॉकेटने गेला. सोबत नोआ-४ हा हवामान उपग्रह आणि स्पेनचा पहिला उपग्रह इंटासॅट होता. वजन २९ किलोच्या आसपास, आकार मोठ्या पिंपाएवढाही नाही. हौशी रेडिओवाल्यांनी अमेरिका, जर्मनी, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात मिळून बांधलेला हा उपग्रह १९८१ च्या मध्यावर बॅटरीत शॉर्ट होऊन गप्प झाला. सगळ्यांनी त्याचे नाव वहीतून खोडले. पुढे २१ जून २००२ रोजी इंग्लंडमधल्या पॅट गोवेन यांना १४५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ओळखीचा मोर्स ऐकू आला आणि तो ऑस्कर-७ निघाला. झाले होते असे, की शॉर्ट झालेल्या बॅटरीचे सर्किट कालांतराने उघडे पडले. शॉर्ट असेपर्यंत सौर पॅनेलांची सगळी वीज ती गिळत होती. सर्किट तुटल्यावर तीच वीज थेट यंत्रणेला मिळू लागली. तेव्हापासून हा उपग्रह उन्हात असला की चालतो आणि सावलीत गेला की बंद पडतो.

हे आत्ता लिहिण्याचे कारण वेगळे आहे. गेल्या काही वर्षांत अनेक शाळा-कॉलेजांनी गच्चीवर १३७ मेगाहर्ट्झच्या अँटेना उभारून नोआ-१५, १८ आणि १९ यांची ढगांची चित्रे उतरवली. २०२५ मध्ये हे तिन्ही उपग्रह बंद करण्यात आले: नोआ-१८ जूनमध्ये, नोआ-१९ आणि नोआ-१५ ऑगस्टमध्ये. रशियाचे मेटिऑर-एम २-३ आणि २-४ त्याच पट्ट्यात अजून चित्रे पाठवतात, पण त्यांचे डिकोडिंग डिजिटल असल्याने नवशिक्यांना जड जाते. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी अँटेना आणि आरटीएल-एसडीआरचे डोंगल (लॅपटॉपला लावून रेडिओ सिग्नल पडद्यावर रेघांच्या रूपात दाखवणारे छोटे रिसीव्हर) धूळ खात आहेत. थोड्या फेरफाराने तोच संच ऑस्कर-७ वर लावता येतो. आमच्या मते शिकण्यासाठी तो नोआपेक्षा सरस आहे. चित्र आपोआप उमटत नाही. ऐकून, मोजून, ताडून पाहावे लागते.

पहिली अडचण अँटेनाचीच. नोआसाठी बहुतेकांनी व्ही आकाराचा डायपोल केलेला असतो, त्याची प्रत्येक काडी सुमारे ५३.४ सेंटिमीटरची. १४६ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे ५० सेंटिमीटर करावी लागते. तेवढ्यावर काम भागेल असे मात्र समजू नये. नोआचा प्रक्षेपक काही वॉटचा होता आणि उंची साडेआठशे किलोमीटरच्या घरात. ऑस्कर-७ जवळजवळ १४५० किलोमीटरवर आहे आणि त्याच्या बीकनची, म्हणजे मोर्समध्ये आकडे पाठवत राहणाऱ्या छोट्या प्रक्षेपकाची, मूळ शक्ती अवघी २०० मिलिवॉट. उपग्रह क्षितिजावर असताना त्याचे आपल्यापासूनचे अंतर सुमारे ४५०० किलोमीटर भरते, म्हणजे डोक्यावर असतानाच्या तिप्पट. सिग्नल तिथे दहा डेसिबलने पडतो. उपग्रह उगवून मावळेपर्यंतच्या एका फेरीला पास म्हणतात; व्ही डायपोलवर सिग्नल उंच पासच्या मधल्या काही मिनिटांत पुसटसा मिळतो. पूर्ण पास हवा असेल तर हातात धरायची यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना, बनवावी.

हार्डवेअरच्या दुकानातली पाच मीटरची लोखंडी मेजर टेप, पट्टी २५ मिलिमीटर रुंद असेल तर उत्तम, आणि अर्धा इंची पीव्हीसी पाइप एवढ्यात ती होते. मागची काडी, म्हणजे रिफ्लेक्टर, १०५ सेंटिमीटर. मधली दोन तुकड्यांत, प्रत्येकी ४५ सेंटिमीटर, दोहोंमध्ये अडीच सेंटिमीटरची फट. पुढची, म्हणजे डायरेक्टर, ८९ सेंटिमीटर. रिफ्लेक्टर ते मधली काडी अंतर २०.३, मधली ते डायरेक्टर ३१.८. मधल्या दोन तुकड्यांच्या आतल्या टोकांना पावणेतेरा सेंटिमीटर तांब्याची तार यू आकारात वाकवून डाग द्यायचा, आणि तिथेच कोॲक्सची (अँटेनाच्या केबलची) मधली तार एका तुकड्याला व जाळी दुसऱ्याला. टेपवरचा रंग पॉलिश पेपरने घासून पोलाद उघडे केल्याशिवाय डाग धरत नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांची निम्मी अँटेना इथेच फसते. डाग वरून लागल्यासारखा दिसतो, टेप वाकली की सुटतो. पट्ट्यांची टोके गोल कापून चिकटपट्टी लावावी, कारण ती सरळ डोळ्यांच्या उंचीवर फिरतात. मापे १४६.५ मेगाहर्ट्झच्या आसपासची आहेत, तरी १४५.९७ ला ऐकण्यात काही फरक पडत नाही. केबल टीव्हीची ७५ ओहमची उरलेली वायर चालते. निव्वळ ऐकण्यासाठी त्या विषमतेने होणारा तोटा नगण्य आहे, मात्र वायर चार-पाच मीटरच्या वर लांबवू नये.

ही अँटेना पुढे ऐकते आणि मागून जवळजवळ बहिरी असते. छोटी काडी उपग्रहाकडे, मोठी आपल्या छातीकडे. गच्चीवर मुले उलटी धरतात आणि डोंगलला दोष देतात.

नोआच्या संचात आणखी एक फसवी वस्तू असते: १३७ मेगाहर्ट्झचा फिल्टर बसवलेला ॲम्प्लिफायर. नोआसाठी तो गुणाचा, कारण तो बाकीचे सगळे अडवतो. १४६ मेगाहर्ट्झही त्या बाकीच्यातच येतो. तो काढून टाकावा, किंवा त्याच्या जागी साधा रुंद पट्ट्याचा ॲम्प्लिफायर आणि त्याआधी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा एफएम फिल्टर लावावा. पुण्या-मुंबईत हा एफएम फिल्टर नसेल तर स्थानिक रेडिओ केंद्रांचा जोर डोंगलला गुदमरवतो आणि गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) वाढवला की सगळ्या पडद्यावर खोट्या रेषा उमटतात. डोंगलचे आपोआप गेन बंद ठेवून ते हाताने वाढवत जावे. पार्श्वभूमीचा आवाज जिथे वर चढायला लागतो, तिथे थांबावे. गच्चीवर सोलर इन्व्हर्टर किंवा स्वस्त एलईडी दिवे असतील तर त्यांचा गोंगाट या पट्ट्यात हमखास येतो. दिवे बंद करून पाहणे हा सर्वात स्वस्त फिल्टर.

आता मुख्य काम: तो कुठे आणि केव्हा आहे हे काढणे. उपग्रहाचा कॅटलॉग क्रमांक ०७५३० आहे. काही ॲपमध्ये सुरुवातीचे शून्य सोडून ७५३० टाकावे लागते. नावापेक्षा क्रमांकाने शोधावे. त्याला आकाशात नेणाऱ्या डेल्टाच्या दुसऱ्या टप्प्याचा १९७५ च्या ऑगस्टमध्ये स्फोट झाला आणि त्याचे तुकडे मिळत्याजुळत्या कक्षांत फिरत आहेत. यादीत त्याच प्रक्षेपणाच्या नावाखाली ते दिसतात. (आपल्या लेखातला भंगाराचा मुद्दा इथे मात्र शंभर टक्के लागू आहे.) सेलेस्ट्रॅकच्या संकेतस्थळावर हौशी उपग्रहांच्या गटात ०७५३० चा टीएलई, म्हणजे कक्षेची दोन ओळींची माहिती, मिळते. पहिल्या ओळीत १९ व्या स्थानापासून तारीख असते: २५२१०.५ असे लिहिले असेल तर २०२५ सालचा २१० वा दिवस, म्हणजे २९ जुलै, जागतिक वेळेनुसार दुपारी बारा, आपल्याकडे साडेपाच. दुसऱ्या ओळीत क्रमांकानंतरचा आकडा कक्षेच्या विषुववृत्ताशी असलेल्या कलाचा. ऑस्कर-७ साठी तो १०२ अंशांच्या आसपास हवा. ५३ व्या स्थानापासूनचा आकडा दिवसाच्या फेऱ्यांचा, तो साधारण साडेबारा हवा. हे दोन आकडे जुळले की आपण योग्य उपग्रह उचलला.

टीएलई किती ताजा हवा, यावर बरेच गैरसमज आहेत. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक चारशे किलोमीटरच्या थोडे वर फिरते, तिथे विरळ हवा त्याला सतत ओढते आणि मधूनमधून इंजिन पेटवून त्याला वर ढकलावे लागते. तिथे आठवड्याभराचा शिळा टीएलई तुम्हाला चुकीच्या वेळी गच्चीवर उभे करतो. १४५० किलोमीटरवर हवेची ओढ जवळजवळ नाही आणि ऑस्कर-७ ला इंजिनच नाही. त्याला महिन्याभराचा टीएलईसुद्धा अँटेना रोखण्यापुरता पुरतो. म्हणून नेट नसलेल्या शाळेतही हा उपग्रह सोयीचा: महिन्यातून एकदा फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर नेली की झाले. एक पथ्य पाळावे, टीएलई एसजीपी४ या गणिती पद्धतीनेच सोडवावा. तो त्या पद्धतीसाठीच घडवलेला असतो. पाठ्यपुस्तकातली केप्लरची सूत्रे सरळ लावली तर दिवसागणिक चूक वाढत जाते आणि दोष टीएलईवर येतो. संगणकावरचे जीप्रेडिक्ट किंवा फोनवरचे लुक४सॅट हे काम आपसूक करतात.

जीप्रेडिक्टमध्ये ठिकाण टाकताना पुण्यासाठी उत्तर १८.५, पूर्व ७३.८५, उंची ५६० मीटर एवढी अचूकता भरपूर झाली. चूक ठिकाणात क्वचित होते, वेळेत हमखास होते. सॉफ्टवेअर जागतिक वेळ दाखवत असेल तर साडेपाच तास मिळवायचे राहून जातात, किंवा लॅपटॉपचा टाइम झोन भलताच असतो. आधी अवकाश स्थानकाचा एखादा पास डोळ्यांनी पाहून वेळ ताडून घेतली की पुढची फरफट वाचते. ऑस्कर-७ स्वतः डोळ्यांनी दिसण्याइतका तेजस्वी नाही.

त्याची एक फेरी ११५ मिनिटांची. महाराष्ट्रातून दिवसाला पाच-सहा पास मिळतात, कमाल २२ मिनिटांचे. इतका मोठा पास खालच्या कक्षेतल्या उपग्रहांकडून मिळत नाही. अवकाश स्थानक दहा मिनिटांत मावळते. पास साधारण उत्तर-दक्षिण असतात, आणि कक्षेचा कल नव्वद अंशांच्या पुढचा असल्याने दक्षिणेकडून येणारा उपग्रह थोडा पश्चिमेकडे झुकत वर जातो. पास निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात: कमाल उंची ३० अंशांच्या वर आहे का, आणि उपग्रह उन्हात आहे का. दुसरी जास्त महत्त्वाची. आपल्याकडे रात्र असली तरी १४५० किलोमीटरवर ऊन असू शकते, त्यामुळे खिडकीबाहेर पाहून ठरवू नये; जीप्रेडिक्टमध्ये उपग्रह पृथ्वीच्या सावलीत आहे की नाही ते स्पष्ट दाखवलेले असते. उपग्रह सावलीतून बाहेर येण्याचा क्षण आपल्या पासच्या मध्यात पडला तर मोठी गंमत असते. पडद्यावर पाच-सात मिनिटे काहीच नसते, आणि ठरल्या वेळी रिकाम्या जागेत एक बारीक रेघ उमटते, जराशी सरकते आणि मग मोर्स सुरू होतो.

ती रेघ कुठे शोधायची? ऑस्कर-७ कधी ए, कधी बी पद्धतीत, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतांवर, चालतो. बी पद्धतीत त्याचा बीकन १४५.९७० ते १४५.९८० मेगाहर्ट्झ या भागात, बहुतेकदा १४५.९७७ च्या आसपास सापडतो, आणि ट्रान्सपाँडरची (हौशींचे बोलणे घेऊन परत खाली पाठवणाऱ्या यंत्राची) खिडकी १४५.९२५ ते १४५.९७५. डॉप्लरमुळे (उपग्रहाच्या वेगाने वारंवारता बदलते, त्यामुळे) रेघ येताना सुमारे २.८ किलोहर्ट्झ वर आणि जाताना तितकीच खाली असते. गोंधळ डोंगल करते. टीसीएक्सओ (तापमानाने न ढळणारा स्फटिक) नसलेल्या स्वस्त डोंगलची वारंवारता ५० पीपीएमने (दहा लाखांत ५०) चुकलेली असणे नवल नाही, आणि १४६ मेगाहर्ट्झला ५० पीपीएम म्हणजे ७.३ किलोहर्ट्झ, डॉप्लरच्या अडीच पट. म्हणून डोंगल पंधरा-वीस मिनिटे तापू द्यावे, ओळखीच्या स्थिर सिग्नलवर पीपीएम जुळवून घ्यावे, आणि मगच पासला बसावे. डोंगलच्या मध्य-वारंवारतेवर एक खोटी रेघ कायम असते, मध्य १४५.९० ला ठेवला की ती बीकनच्या वाटेत येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये रिसीव्हर सीडब्ल्यू (मोर्ससाठीचा पर्याय) किंवा यूएसबीवर (अप्पर साइडबँड) ठेवावा. एफएमवर ठेवला तर उपग्रह डोक्यावरून गेला तरी फक्त खरखर ऐकू येते. नवशिक्यांचे पहिले दोन-तीन पास बहुधा एवढ्यासाठीच वाया जातात.

मोर्सची सुरुवात दोनदा ‘एचआय’ने होते आणि पुढे तीन-तीन अंकी संख्या येतात, सहा ओळी, प्रत्येक ओळीत चार. पहिला अंक ओळीचा क्रमांक, उरलेले दोन मोजमापाचे. मोर्स येत नसेल तर ध्वनिमुद्रण करून नंतर संथ गतीने ऐकावे. सगळे अंकच असल्याने पाच-दहा चिन्हांतच भागते. सहाव्या ओळीतली चौथी संख्या तपासणीची आहे, ती ६५० च्या जवळ असायला हवी. ती भलतीकडे गेलेली असेल तर बाकीच्या आकड्यांवरही फार विश्वास टाकू नये. सिग्नल दर काही सेकंदांनी बुडतो आणि वर येतो, कारण उपग्रह फिरत असतो आणि ध्रुवणाची (लहरींच्या कंपनाची) दिशा बदलत राहते. तेव्हा अँटेनाची दिशा न हलवता मनगट नव्वद अंशांनी वळवावे, सिग्नल बहुतेकदा परत येतो.

शाळांसाठी खरा प्रयोग डॉप्लरचा. दर तीस सेकंदांनी बीकनची वारंवारता वहीत लिहायची आणि आलेख काढायचा. आडव्या एसचा आकार येतो. जिथे उतार सर्वांत तीव्र, तो उपग्रह सर्वांत जवळ असल्याचा क्षण. तो टीएलईने सांगितलेल्या क्षणाशी ताडून पाहता येतो. उताराची तीव्रता अंतर सांगते: पास अगदी डोक्यावरून असेल तर वारंवारता सेकंदाला सुमारे १४ हर्ट्झने घसरते, २० अंशांवरून गेला तर सहा-सात हर्ट्झने. इथे डोंगलची कायमची चूक आड येत नाही, कारण फरकच मोजायचा असतो. डोंगल पासच्या दरम्यान तापत असेल तर मात्र आलेख तिरका होतो, म्हणूनच आधी तापवायचे.

रेघ सापडलीच नाही, आणि उपग्रह उन्हात होता, तर तो ए पद्धतीत असू शकतो. सावलीतून बाहेर आल्यावर तो कोणत्या पद्धतीत जागा होईल याचा नेम नाही, बहुधा बीमध्ये होतो. सतत उन्हात असण्याच्या काळात आतले घड्याळ दर २४ तासांनी पद्धत बदलते. ए पद्धतीत तो २९.४ ते २९.५ मेगाहर्ट्झवर उतरतो. त्यासाठी दोन्ही बाजूंना प्रत्येकी २.४ मीटर तार ताणलेला डायपोल लागतो. आर८२०टी२ ट्यूनर असलेले डोंगल तिथवर पोहोचते.

उपग्रहातून बोलायचे असेल तर हौशी रेडिओचा परवाना हवाच. परवानाधारकांनीही एक लक्षात घ्यावे: बी पद्धतीत वर पाठवायची वारंवारता ४३२.१२५ ते ४३२.१७५ मेगाहर्ट्झ आहे, आणि आपल्याकडे हौशी रेडिओला दिलेला पट्टा ४३४ ते ४३८. म्हणजे भारतातून बी पद्धत ऐकण्यापुरतीच. ए पद्धतीची १४५.८५० ते १४५.९५० आपल्या पट्ट्यात बसते. त्यातही कमीत कमी शक्ती वापरावी; बॅटरी नसल्याने कोणी जोरात ओरडला की उपग्रहाचा वीजदाब खाली बसतो, सगळ्यांचे आवाज डगमगतात, आणि कधी पद्धतच बदलते. आपल्या इस्रोचा हॅमसॅट, मे २००५ मध्ये पीएसएलव्ही-सी६ ने गेलेला, खास हौशींसाठी होता आणि त्याची वारंवारता आपल्या पट्ट्यात होती. २०१४ मध्ये तो बॅटरीपायीच गेला. ऑस्कर-७ सारखी उलटी लॉटरी त्याला लागलेली नाही.

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणी आहे. अवकाश स्थानक दिसण्याच्या वेळा आपण अधूनमधून छापता, त्या सबंध महाराष्ट्रासाठी एकच असतात. नागपूरच्या डोक्यावरून गेलेले स्थानक पुण्यातून जेमतेम ३० अंशांवर असते. उगवण्याची वेळ व दिशा, कमाल उंचीची वेळ व अंश, मावळण्याची दिशा, आणि हे कोणत्या शहरासाठी, इतके छापले तरी एका ओळीत मावते. त्याच ओळीखाली आठवड्यातून एकदा ऑस्कर-७ चा एखादा उन्हातला उंच पास दिलात तर शाळांची मोठी सोय होईल.

ज्यांना ऑस्कर-७ ऐकू येईल त्यांनी ॲमसॅट या हौशी उपग्रहवाल्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर उपग्रहांच्या स्थितीचा जो तक्ता आहे, त्यात नोंद करावी. तिथे जगाच्या नकाशावरच्या आपल्या चौकटीचा संकेत लागतो: पुणे एमके६८, मुंबई एमके६९, कोल्हापूर एमके७६, नागपूर एमएल९१, पणजी एमके६५. नुसती टेलिमेट्री (बीकनचे मोर्समधले आकडे) ऐकली असेल तर तीच खूण करावी. ‘ऐकू आला नाही’ ही नोंदही उपयोगाची असते, फक्त ती करण्यापूर्वी त्या वेळी उपग्रह उन्हात होता का, हे एकदा पाहून घ्यावे.

आपले,
पुण्यातील काही हौशी रेडिओ श्रोते